घरी विचारून सांगते

वरच्या जबड्याचे सहा दात लावून झाले होते आणि सातवा चिमट्यात होता, तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात मेणाने माखलेले, म्हणून पॉलिशवाल्या बाईंनी तो उचलला, "तुमची ताई" म्हणाल्या आणि माझ्या कानाला लावून धरला. ताई चार दिवस बाहेरगावी होती. आवाज नेहमीचाच, पोस्टाच्या खिडकीमागून यावा तसा, स्पष्ट आणि समोर रांग उभी असल्यासारखा घाईचा. "बारक्या, ऐक. माझं लग्न ठरलंय. मी दुपारच्या बसने पोचते, ते सहाला येतायत. पुढच्या महिन्यात मी तिकडेच राहायला जाणार आहे. तू आज लवकर ये, आणि येताना पाव आण." मी विचारलं, कुठला पाव. का विचारलं ते देव जाणे. ती म्हणाली, लांबडा, आणि फोन ठेवला.

फोनचा आवाज मोठा, त्यामुळे बाईंनी सगळं ऐकलंच होतं. त्यांनी हात पुसले, फार आनंदाची बातमी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे नीट बघून विचारलं की तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का केलंय. मी म्हणालो, मेण गार होतंय. ते खरंच होत होतं. कवळी करताना मेण ऐन उबेत असावं लागतं. फार ऊन झालं तर दात कलंडतात, गार झालं तर जागचे हलत नाहीत. बावीस वर्षं मी हे काम करतोय. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, मी त्यांवर दात उभे करतो, बाई त्यांना चकचकीत करतात, आणि आम्ही कधी न पाहिलेली माणसं आमच्या दातांनी जेवतात आणि भांडतात. तर, आनंद झाला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पण त्याच्या पाठोपाठ, त्याचं शेपूट धरूनच, आणखी एक गोष्ट वर आली. ताईने अजून विचारलेलं नाही. म्हणजे ती संध्याकाळी विचारणार.

आमच्या घरात विचारायची पद्धत आहे. मी तीन वर्षांचा असताना वडील गेले आणि आठ वर्षांचा असताना आई. ताई तेव्हा वीस वर्षांची, पोस्टात नुकती लागलेली. आई गेल्यावर भेटायला आलेल्या मामाने निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आता या घरातला कर्ता पुरुष तू. त्याला बस गाठायची घाई होती, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला असेल. माझी चड्डी तेव्हा नाडीला दोन गाठी मारून कशीबशी टिकवलेली होती. पण ताईने ते मनावर घेतलं, की थट्टेवारी नेलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर काही ठरवायचं असलं की ती कामावरून यायची, चपला काढायची, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची आणि सगळं नीट सांगून झालं की म्हणायची, "तुझं काय म्हणणं?" मी कपाळाला आठ्या घालायचो. त्या मामाकडून उचलल्या होत्या. मग हो किंवा नको म्हणायचो, आणि बहुतेक वेळा नकोच, कारण नको म्हटलं की आपण जरा मोठे होतो असं मला वाटायचं. आत्याने कायमचं आमच्याकडे राहायला यावं का? नको. ताईने बदली घेऊन मोठ्या शहरातल्या मोठ्या पोस्टात जावं का? नको. समोरच्या काकूंच्या मुलीला रोज संध्याकाळी गणित शिकवावं का? नको. दुसऱ्या दिवशी ताई ज्याला-त्याला सांगून मोकळी व्हायची, "घरी विचारलं. घरी नको म्हणतायत." म्हणतायत, असं आदराने. त्या घरात मी एकटाच असायचो आणि दप्तर भरत असायचो.

मी दहा वर्षांचा असताना ताईला एक स्थळ आलं. तो फर्निचरच्या दुकानात कामाला होता आणि त्याच्या खिशात गुंडाळीची टेप असायची. तीनदा आमच्याकडे आला आणि तिन्ही वेळा त्याने काहीतरी मोजलं. पहिल्यांदा ताईचं कपाट, ते त्याच्या घरच्या जिन्यात वळेल का म्हणून. दुसऱ्यांदा आमचा दरवाजा. तिसऱ्यांदा मला. भिंतीला पाठ लावून उभं केलं, मोजलं, आणि हा अजून बराच वाढणार असं जरा काळजीने म्हणाला. माणूस वाईट नव्हता. नोकरी होती, डोक्यावर केस होते, आवाज चढवून बोलत नव्हता. मामा, आत्या, शेजारपाजार, पोस्टातल्या बायका, सगळ्यांनी ताईला बजावलं की असं स्थळ पुन्हा चालून येणार नाही, आणि त्यांचे शब्द खरे ठरले. त्या संध्याकाळी ताई खुर्ची ओढून बसली. मी जेवत होतो. तिने सगळं सांगितलं, माणूस चांगला आहे, घर हवेशीर आहे, तिथे तूही येशील, तुला एक कोपरा मिळेल, सहा फूट बाय सव्वातीन, त्याने मोजून ठेवलाय. तुझं काय म्हणणं? माझ्या तोंडात घास होता. तो गिळण्याएवढाही वेळ मी घेतला नाही. नको म्हणालो. ताईने उठून ताटं घासली, आणि दुसऱ्या दिवशी टेपवाल्याला निरोप गेला.

त्या एका घासाला अडतीस वर्षं झाली, आणि मला त्याची लाज वाटते. लहानपणी नव्हती वाटत, उलट कपाट वाचवल्याचा अभिमान होता. मिसरूड फुटलं तशी लाज आली आणि मग गेलीच नाही. ताईबरोबरच्या बायकांची लग्नं झाली, मुलं झाली, त्या मुलांची लग्नं झाली, आणि प्रत्येक लग्नाहून ताई हसतखेळत परत आली की मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जाऊन उभा राहायचो. माझं स्वतःचं लग्न झालं नाही याचं मला फारसं काही वाटत नाही. एकदा जमत आलं होतं, मग नाही जमलं. दात आहेत तर चणे नाहीत, असं माझ्याबाबतीत तर शब्दशः म्हणता येईल. पण तिचं झालं नाही ते माझ्यामुळे, आणि आमच्यात हा विषय कधीही निघाला नाही. आम्ही दोघं एका घरात चाळीस वर्षं राहिलो, एकमेकांची औषधं पाठ केली, आणि त्या घासाच्या कडेकडेने जात राहिलो. आता ती साठ वर्षांची झाली, मी अठ्ठेचाळीसचा, पोट सुटलेला, पण अजून बारक्याच. आणि आज संध्याकाळी पुन्हा खुर्ची ओढली जाणार होती.

'ते' कोण हे मला ठाऊक होतं, मी काही दुधखुळा नाही. ताईने छत्तीस वर्षं पोस्टात पत्रं लावली. तिच्यासमोर भिंतभर खण असायचे, प्रत्येक खणावर एकेका गावाचं नाव, आणि ती उभ्या-उभ्या पत्रं भिरकावत राहायची, न बघता, बरोबर त्या खणात. गावांची नावं पाठ, पण गाव एकही पाहिलेलं नाही. चार वर्षांपूर्वी तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि पुढच्याच आठवड्यात पिशवी भरली. म्हणाली, जरा खण बघून येते. मग सुरूच झालं. कुठे चाललीस म्हणावं तर उत्तर यायचं, वरून तिसरी ओळ, डावीकडून पाचवा. आली की वृत्तांत. एका गावाला इतकी पत्रं का जातात हे तिला तिथे गेल्यावर कळलं, तिथे दुसरं करण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्या एका गावात ती पोस्टात जाऊन आतल्या माणसाला ओळख देऊन आली आणि दोघांनी मिळून एका चुकीच्या पत्त्याचा छडा लावला. असं करत ती सगळ्यात खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या खणापर्यंत पोचली. त्या खणात आठवड्याला चार-पाच पत्रं पडायची, कधी तीही नाही. तिला वाटायचं, हे गाव असेल तरी का. ते होतं. नदीच्या मुखाशी, आणि पलीकडे जायला फेरीबोट. ताई त्या बोटीने पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला बोट चालवणाऱ्या माणसाने सुकाणूवरून मान वळवून विचारलं, "बाई, पलीकडे काही विसरलंय का तुमचं?" ताई म्हणाली, नाही, मला नुसतं जायला आवडतंय. तो म्हणाला, मलाही, म्हणून तर ही नोकरी धरलीय. हे मला सांगताना ती चहा गाळत होती, तो अर्धा ओट्यावर गेला आणि तिला पत्ताच नाही. तेव्हापासून बाकीचे खण मागे पडले आणि त्या एकाच खणाच्या चार फेऱ्या झाल्या.

या प्रवासांबद्दल तिने मला कधी विचारलं नव्हतं, हेही इथेच सांगतो, कारण ते मला थोडं लागलं होतं. निवृत्ती घेतली, मला विचारलं नाही. पन्नाशीत पोहायला शिकली ते मला तिचे ओले केस बघून कळलं. स्वयंपाकघराचं दार लालभडक रंगवलं, मी संध्याकाळी आलो तेव्हा रंग वाळलासुद्धा होता. मला वाटायचं, तिचा माझ्यावरचा विश्वास हळूहळू उडाला असावा. टेपवाल्यानंतरच उडायला सुरुवात झाली असावी. कर्ता पुरुष नावापुरता राहिला.

बारा वाजेपर्यंत मी मुकाट काम केलं. ती कवळी एका निवृत्त न्यायाधीशांची होती, दुपारी डॉक्टरांकडे मेणातली मांडणी बघायला ते येणार होते. हात चालले होते, मी मात्र संध्याकाळच्या खुर्चीत जाऊन बसलो होतो. हो म्हणायचं, यात प्रश्नच नव्हता. माझ्यासारख्या माणसाने दुसरं काय म्हणायचं? पण मी त्या 'हो'जवळ गेलो की खालून ते दहा वर्षांचं पोरगं डोकं वर काढायचं. त्याचं म्हणणं जसंच्या तसं होतं, एक दिवसही जुनं झालेलं नव्हतं. ताई गेली तर सकाळी पाण्याची मोटर कोण लावणार, मी चष्मा शोधताना तुझ्या डोक्यावर आहे हे कोण सांगणार, आणि संध्याकाळी जिन्यात माझी पावलं वाजल्यावर आतून "आलास?" असं कोण म्हणणार. विचारण्यासारखं त्यात काही नसतं, आलेलाच असतो, तरी ती रोज विचारते. मला माझी भीती वाटली. तोंडात घास असो वा नसो, तो शब्द माझ्या तोंडून निघालाच तर ती दुसऱ्यांदा माझ्यापायी माघार घेईल. तिची जातच तशी. साठाव्या वर्षीही ती बोटवाल्यांना सांगेल, घरी नको म्हणतायत.

पॉलिशवाल्या बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या ते मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "न्यायाधीशांना असं हसवायचंय का?" मी चिमटा ठेवला आणि साचा उजेडात धरला. डावीकडचा दुसरा दात पुढच्या दातावर जरासा चढलेला होता, त्याच्या पलीकडे बारीकशी फट, आणि सुळा थोडा आत. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांच्या जुन्या फोटोत दात वहीतल्या रेघांसारखे सरळ होते. ते दात ताईचे होते. माझ्या हातांनी माझ्या नकळत ताईचं तोंड लावलं होतं, आणि इतकं हुबेहूब, की साचा टेबलावर ठेवल्यावर ती खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कुत्र्याला हसते तशी हसत होती. मला वाटत होतं की मी दिवसभर दात बघतो म्हणून घरी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मी बघत होतो तर. बाईंना मी खरं काय ते सांगितलं आणि आम्ही दोघंही हसत सुटलो, बाईंना तर खाली बसावं लागलं, कारण एखाद्या गंभीर निवृत्त न्यायाधीशाने उरलेलं आयुष्य माझ्या बहिणीसारखं हसायचं, ही कल्पना सहन होण्यासारखी नव्हती. मग मी सुरी तापवली आणि ते तीन दात काढून सरळ लावले. काढताना जरा जिवावर आलं. पण एक गोष्ट लक्षात आली, ताई गेले वर्षभर अशीच हसत होती, तोंडावर हात आडवा न घेता, दातांसकट. मी त्याचं श्रेय हवापालटाला देत होतो.

चारलाच निघालो. बाई म्हणाल्या, पुढचं मी बघते, तुम्ही जा आणि नीट हो म्हणा. नीट हो कसं म्हणतात? मी बसने न जाता चालत गेलो आणि वाटभर हो म्हणून पाहिलं. लांबवून म्हटलं तर उपकार केल्यासारखं वाटत होतं, झटकन म्हटलं तर पीडा गेली असं. "हो, अगदी आनंदाने" हे निमंत्रणाला उत्तर झालं. "तुला हवं ते कर" हे तर चक्क रुसणं. पुलावर मी जरा मोठ्याने हो म्हणालो तर समोरून येणाऱ्या बाईने मला वेळ सांगितली, तिला वाटलं मी तिलाच काहीतरी विचारतोय. ऊन उतरतीला लागलं होतं, भिंती तापलेल्या होत्या, शाळा सुटलेली होती, आणि सगळं मला फार आवडत होतं, म्हणजे लाँड्रीच्या दारातली वाफसुद्धा. छातीत एक घाबरलेला आनंद होता. पाववाल्याकडे मी एक लांबडा मागितला, मग सहाला पाहुणे आहेत हे आठवून दोन घेतले, मग पाहुणे बोटीवर उभ्याने काम करतात, त्यांना भूक लागत असेल असं वाटून तीन. तीन पाव काखेत मारून तीन मजले चढलो.

"आलास?" ताई आतून म्हणाली. ती स्टुलावर उभी होती. तिच्या खोलीतलं कपाट, तेच टेपवाल्याने मोजलेलं, तिने एकटीने खिडकीपासून दूर ओढलं होतं आणि त्याच्या माथ्यावरून खोकी उतरवत होती. माझी वाट बघायला काय झालं होतं असं मी म्हणणार होतो, पण तिच्या केसांत जळमट होतं आणि चेहरा इतका खुललेला होता की तो विचार मी सोडला. मी पाव ठेवले. खुर्चीवर बसलो. समोरची खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवली आणि हात गुडघ्यांवर घेतले. ती म्हणाली, बसतोस काय, हे धर. मी खोकं धरलं. मग दुसरं धरलं. मग सुतळीचं टोक धरलं आणि ती गाठी मारत राहिली. मारता मारता सांगत होती, बोटवाल्यांचं घर धक्क्यापासून शंभर पावलांवर आहे, पहिल्या मजल्यावर, खाली जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका बसतात आणि त्या फार वात्रट आहेत. त्यांची बायको अकरा वर्षांपूर्वी गेली, एक मुलगी आहे, ती दूर असते, तिला फोन केला तर ती अर्धा तास रडली आणि मग म्हणाली, बाबांना मीठ कमी घाला. लग्न वीस तारखेला, कचेरीत, सह्या करून, मग बोटीवर एक फेरी. त्यांनी मला परवा विचारलं, ताई म्हणाली, बोट मधोमध असताना. तिने हो कधी म्हटलं? बोट धक्क्याला लागायच्या आत. मधून धक्क्यापर्यंत सात मिनिटं लागतात, म्हणाली. मी मनात म्हटलं, मला तर सकाळपासून जमत नाहीये.

साडेपाच वाजले. पावणेसहा. ती तोंड धुऊन आली, केस विंचरले, पाव कापायला घेतला. तिने खुर्ची ओढली नाही. मला वाटलं, विसरली. मग वाटलं, घाबरतेय, मागच्यासारखं ऐकावं लागेल म्हणून. त्या विचारासरशी वाटभर घोटून ठेवलेलं सगळं मी विसरलो.

"ताई, तू मला विचारणार नाहीस?"

"काय?"

"माझं काय म्हणणं, ते."

मी म्हणालो की मी हो म्हणणार आहे, हो म्हणायलाच आलोय, मनापासून, पण तू विचारलं पाहिजेस. टेपवाल्याच्या वेळी मी नको म्हणालो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, मला काही कळत नव्हतं, आणि तुझं सगळं आयुष्य मी एका घासाबरोबर गिळून टाकलं, आणि हे मला रोज आठवतं. रोज नाही, पण बरेचदा. ताईने सुरी ठेवली आणि शेवटी एकदाची खुर्ची ओढून बसली.

"अरे बारक्या," ती म्हणाली, "तो मला नको होता."

पावाचा चुरा तिने बोटाने एका जागी गोळा केला.

"माझं कपाट मोजलं त्याने. आत काय आहे ते एकदा तरी विचारेल की नाही माणूस? पण मी बावीस वर्षांची होते, सगळं गाव मागे लागलेलं. मला नको म्हणायची सोय नव्हती. तुला होती. दहा वर्षांच्या पोराला कोण काय बोलणार?"

"आणि मी हो म्हणालो असतो तर?"

तिने खरोखरच विचार केला. "तर पुन्हा एकदा विचारलं असतं," ती म्हणाली.

आत्या? आत्याबरोबर राहायचं म्हणजे काय असतं ते तुला माहीत नाही, ती म्हणाली. मोठ्या शहरातलं पोस्ट? तिथे खण नव्हते, यंत्र होतं. काकूंची मुलगी? ती चावायची. मी एकेक नको काढून तिच्यापुढे ठेवत गेलो आणि ती ओळखीचं पत्र असावं तसं प्रत्येकाला बरोबर खण दाखवत गेली. माझं एकही नको माझं नव्हतं. मी लहानपणभर कपाळाला आठ्या घालून तिचा निरोप पोचवत होतो. आधी मला राग आला, येणारच, चाळीस वर्षं कर्ता पुरुष म्हणून मिरवल्यावर आपण नुसते पोस्टमन होतो हे कळलं तर कुणालाही येईल. तो राग अर्धा मिनिट टिकला असेल. मग ताई म्हणाली, "हवं असलेलं मी कधी विचारलंय का तुला? पोहायला जाऊ का, असं विचारलं? हवं ते विचारायचं कशाला, ते घ्यायचं असतं," आणि माझ्या छातीवरून काहीतरी इतकं मोठं उठलं की मला उभं राहावं लागलं. मी तिच्या खोलीत गेलो, उगाच, डोळे पुसायला. सुटलो, सुटलो, असं मी मनात म्हणत होतो, आणि हसत होतो, आणि तिने बाहेरून विचारलं की पाव कोरडा खातात का ते, की लोणी लावू.

कपाट हललेलं होतं आणि खिडकी पूर्ण उघडी होती. चाळीस वर्षांत मी ती अशी पाहिलेली नव्हती. उत्तरेची खिडकी. दातांचा रंग जुळवायचा तो उत्तरेच्याच उजेडात, उन्हाचा पिवळेपणा त्यात नसतो. प्रयोगशाळेत आमच्याकडे नळीचा दिवा आहे आणि आम्ही अंदाजाने चालवतो. इथे भिंतीलगत एक लांब टेबल मावलं असतं. खिडकीत मेण वितळवायचा दिवा, डावीकडे साच्यांची फळी, आणि मी माझ्या हाताने, माझ्या वेळेने काम करणारा, दारावर माझीच पाटी. असं काही मला हवंय हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. मी खिडकीपासून दारापर्यंत पावलं टाकून बघितली, दोनदा. मग आपण मोजतोय हे लक्षात येऊन ओशाळलो आणि बाहेर आलो.

बोटवाले बरोबर सहाला आले. ठेंगणे, उन्हाने रापलेले, टोपी दोन्ही हातांत धरलेली. सवयीने मी आधी दात बघितले. स्वतःचे होते, खालचा एक गेलेला, आणि तो कधी बसवून घ्यायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. ते मला नमस्कार करून ताईकडे असे बघत राहिले की मला पाव कापायला घ्यावासा वाटला. त्यांनी तीन तुकडे खाल्ले, तिसरा पाव आणल्याचं सार्थक झालं. मग त्यांनी तोंड पुसलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि रस्ताभर घोकून आणलेलं बोलायला लागले. म्हणाले, ताईंना इथून नेतोय म्हणजे तुम्हाला एकटं पाडतोय हे मला दिसतंय. घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. मी तिला रंग देऊन ठेवलाय. तुम्हीही चला आमच्याकडे, पाहुणे म्हणून नाही, कायमचे. दात तिथल्या लोकांनाही असतात. त्यांना ते मनापासून हवं होतं, माणूस इतका भला होता की त्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाप.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

ते गोंधळून घरभर बघायला लागले. मी खुर्ची ओढली, ताईच्या समोर बसलो, आणि तिला सगळं नीट सांगितलं, मागची खोली आहे, रंग दिलेला आहे, माणूस चांगला आहे. मग विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला हळूहळू आठ्या चढल्या, हुबेहूब मामाच्या, आणि तिच्या तोंडात पावाचा घास होता, तो तिने गिळलाही नाही.

"नको," ती म्हणाली.

मी बोटवाल्यांकडे वळलो आणि जमेल तितक्या गंभीरपणे त्यांना सांगितलं, "घरी नको म्हणतायत."